दादांच्या नावाची मूठ

माझ्या वडिलांना, म्हणजे दादांना, भीती नावाची वस्तू ठाऊकच नव्हती. त्यामुळे त्यांच्या वाटणीची भीतीसुद्धा आईला आणि मलाच वागवावी लागे.

साक्रीच्या पलीकडच्या डोंगराळ गावांमधून दादा सायकलवर येशूची सुवार्ता सांगत हिंडत. तिथं आमचं बरं चाललं होतं. मग चर्चच्या मंडळीच्या वडीलधाऱ्यांनी ठरवलं की जळगावात रेल्वे रुळांपलीकडे नवी वस्ती झाली आहे, डाळमिलमध्ये आणि पाइपांच्या कारखान्यांत कामाला माणसं येताहेत, तिथं कुणीतरी जाऊन राहायला हवं. दादांनी बसल्या जागी होकार दिला. आईला विचारलं नाही. आई भाकरी करत होती. तव्यावरची भाकरी तिनं उलटलीच नाही आणि ती जळू दिली. एवढाच तिचा विरोध. ती जळकी भाकरी दादांनी मुकाट्यानं खाल्ली आणि दुसऱ्या दिवसापासून सामान बांधायला घेतलं. मी तेव्हा अकरा वर्षांची होते.

जळगावातली पहिली खोली आम्हाला तीन आठवडे पुरली. रविवारी आमच्या घरातून गीतं ऐकू आली आणि घरमालकाला उलगडा झाला. मी शाळेतून आले तेव्हा पत्र्याची पेटी, स्टोव्ह, अंथरुणं, सगळं ओट्यावर रचून ठेवलेलं होतं. मालक ओरडला नाही की काही नाही. "समजून घ्या भाऊ, मला मुलीचं लग्न करायचंय," एवढंच म्हणाला आणि पेटी हातगाडीवर चढवायला स्वतः हात लावला. त्याच्या त्या सभ्यपणाची मला फार भीती वाटली. भांडणारा माणूस कधीतरी थकतो, पण याच्यापुढे काही इलाजच नव्हता.

दुसरी खोली दोन गल्ल्या मागे मिळाली. हिचा मालक धुळ्याला राहायचा आणि भाडेकरू कुणाला भजतात याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. पण गल्लीला होतं. दादा पहिल्याच दिवशी म्हणाले, "इथूनही उठावं लागलं तर परत साक्री." त्यांनी ते शांतपणे सांगितलं. आईचा चेहरा मात्र उतरला. तिचं माहेर शेतकऱ्यांचं, कापूस-बाजरीचं. दादांशी लग्न करून ती ख्रिस्ती झाली तेव्हापासून माहेरचे टपूनच बसले होते. हात हलवत परत गेलो असतो तर "सांगी नही ऱ्हायंतूत का आम्ही?", आम्ही सांगत नव्हतो का, हेच ऐकत तिला उरलेला जन्म काढावा लागला असता. यायला नाखूश असलेली आई आता न जाण्यासाठी जिवाचं रान करत होती.

तिनं मला पढवून ठेवलं होतं. नळावर शेवटी उभं राहायचं. कुणी नाव विचारलं तर सांगायचं, आडनाव विचारलं तर आई हाक मारतेय म्हणायचं. आणि कुणी काही खायला दिलं तर नाही म्हणायचं नाही, घ्यायचं आणि घरी आणायचं. देवापुढं ठेवलेलं आपण खायचं नाही हा दादांचा नियम होता, आणि देणाऱ्याचं मन दुखवायचं नाही हाही दादांचाच नियम होता. हे दोन्ही एकाच वेळी कसं साधायचं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. ते आईनं शोधून काढलं. आलेला प्रसाद ती पदराखाली झाकून मागच्या गल्लीतल्या गाईला घालून येई.

रविवारी उपासनेच्या आधी आई खिडकी लावायची. दादा येऊन ती उघडायचे. "आपण चोरी करतोय का?" मग खुल्या खिडकीशी बसून आम्ही तिघं आणि कारखान्यातली दोन-तीन माणसं गीतं गायचो. दादा पोटापासून गायचे. मी नुसते ओठ हलवायची आणि पावलांचे आवाज ऐकत बसायची.

आमची एक भिंत अक्कांच्या घराशी सामाईक होती. अक्का साठीच्या, नऊवारी नेसणाऱ्या, दात मिश्रीनं काळे झालेले. त्यांचा मुलगा डाळमिलमध्ये पोती उचलायचा. त्याला सगळी गल्ली भाऊ म्हणायची आणि त्याचा शब्द गल्लीत चालायचा. आम्ही आलो त्याच आठवड्यात नळावर मला ऐकू जाईल अशा बेतानं तो म्हणाला होता, "ह्या लोके बठ्ठी गल्ली बाटाडतीन." सगळी गल्ली आम्ही बाटवणार होतो. तेव्हापासून त्याच्या चपला वाजल्या की मी पेटीआड जाऊन बसायची. त्याची मुलगी सात वर्षांची होती. तिला मात्र मी आवडायची, कारण मला सागरगोटे खेळता येत.

श्रावणात अक्कांकडे कानबाई बसली. खानदेशात कानबाई म्हणजे घराची माय. ती रविवारी येते, रात्रभर बायका गाणी म्हणतात, सोमवारी तिला वाजतगाजत नदीवर नेतात. तिच्यासाठी रोट करतात. घरात जितके पुरुष, तितक्यांच्या नावानं सव्वा-सव्वा मूठ गहू दळायचे आणि त्या पिठाचे जाड रोट भाजायचे. हे रोट भाऊबंदांनीच खायचे. शेजाऱ्याला द्यायचे नाहीत, सासरी गेलेल्या लेकीलासुद्धा नाही. कण सांडला तर उचलून खायचा, ताट धुतलेलं पाणीही वाटेवर फेकायचं नाही. आईनं माहेरी हे सगळं केलेलं, त्यामुळे मला ते पाठ होतं.

मंगळवारी दुपारी मी अक्कांकडे सागरगोटे खेळायला गेले. अक्का ओट्यावर लवंडल्या होत्या. आत ती मुलगी दूध-गुळात कुस्करलेला रोट खात बसली होती. तिनं एक घास उचलला आणि माझ्या तोंडाशी आणला. "खाय ना."

मी काय करायला हवं होतं हे आजही मला सांगता येणार नाही. नाही म्हणायचं नाही, हे आईनं बजावलेलं. घरी न्यावा तर रोट उंबऱ्याबाहेर न्यायचा नसतो. मी नको म्हटलं तर ती भाऊला सांगेल, त्यांना आमचं चालत नाही म्हणून सांगेल, आणि भाऊ गल्ली गोळा करेल. हे सगळं एका क्षणात डोक्यातून गेलं, आणि मी भीतीनं तोंड उघडलं. लोकांनी मोहानं पापं केल्याचं ऐकलं होतं, मी भीतीनं केलं. घास गोड होता, त्याला तुपाचा वास होता. तो गिळताना मला रडू फुटायचं बाकी होतं.

बुधवारी ती मुलगी तापली.

गुरुवारी भिंतीपलीकडून तिचं कण्हणं ऐकू यायला लागलं. भाऊनं डॉक्टर आणला, इंजेक्शन झालं, ताप उतरेना. नळावर बायका बोलू लागल्या की रोटात काही चुकलं असेल, बाहेरच्या कुणाचा हात लागला असेल. मी बादली अर्धीच भरून पळाले. माझं जेवण तुटलं. मी येशूची क्षमा मागितली आणि धीर धरवेना म्हणून कानबाईचीही मागितली. मग दुसरीकडे मागितल्याबद्दल पुन्हा येशूची मागितली. मुलगी मेली तर मी तिला मारलं, आणि जगली तरी हे बाहेर येणारच, आणि आमची पेटी पुन्हा हातगाडीवर. आईला सांगावं तर तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं दिसायची. दादांना सांगावं तर ते मला हाताला धरून चौकात उभं करतील आणि खरं बोलायला लावतील, याची मला खात्रीच होती.

शुक्रवारी दुपारी चपला वाजल्या आणि आमच्या दारात थांबल्या. भाऊ होता. कामावरून तसाच आलेला, डाळीच्या भुकटीनं भुवया पांढऱ्या झालेल्या. त्यानं दादांकडे पाहिलंही नाही. "तुमनी पोर कोठे शे?"

मी पेटीआडून उठले आणि त्यानं पुढचा शब्द काढायच्या आत ओरडले, "मी रोट खादा!"

आईच्या हातातलं सूप खाली पडलं. भाऊ नुसता बघत राहिला. नंतर कळलं की तो फक्त मला बोलवायला आला होता. मुलगी तापात माझं नाव घेत होती. त्याला काहीही माहीत नव्हतं. आमच्या बिऱ्हाडाची दोरी मी माझ्या हातानं कापली होती.

"अक्काले सांग," एवढं म्हणून भाऊ निघाला. दादा उठले, सदरा घातला आणि माझा हात धरला. त्यांचा हात गार पडला होता. मला वाटलं ते रागावलेत.

अक्का नातीच्या उशाशी बसल्या होत्या. भाऊ दारात हाताची घडी घालून उभा. मी जमिनीकडे बघत सगळं सांगितलं, फक्त घास कुणी दिला ते सोडून.

"कोणी दिन्हा तुले?" अक्कांनी विचारलं.

"मीच लिन्हा."

दादांसमोर मी पहिल्यांदा खोटं बोलले होते. अंथरुणातून ती मुलगी मोठे मोठे डोळे करून माझ्याकडे बघत होती. अक्कांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. भाऊनं तोंड उघडलं तसं त्यांनी हात वर करून त्याला थांबवलं.

"रोट परकानी खावाना नही, हाई खरं शे," त्या म्हणाल्या. "हिनी खादा. आते कानबाई माय काय पोरना तोंडमाथीन घास काढी का? खादा ना, मंग ती परकी नही. झायं."

"पन माय..." भाऊ म्हणाला.

"झायं सांगनू ना. बठ पोरी, हिना डोकावर पट्टी ठेव."

मी बसले आणि पट्टी ठेवायला लागले. माझ्या डोळ्यांतलं पाणी त्या पट्टीवर पडत होतं. दोन दिवसांनी मुलीचा ताप उतरला. हिवताप होता, डॉक्टरनं गोळ्या बदलून दिल्यावर गेला. आम्हाला कुणी उठवलं नाही. भाऊ बोलू लागला असं नाही, पण नळावर माझी कळशी आली की जरा बाजूला सरकायचा.

गोष्ट इथंच संपली असती तर बरं झालं असतं. पुढच्या श्रावणात, कानबाई नदीवर गेली त्या सोमवारी, अक्का ताट झाकून आमच्या दारात आल्या. ताटात एक रोट होता.

"तुमना घरमा एक गडीमाणूस," त्या दादांना म्हणाल्या. "तुमना नावनी मूठ टाकेल शे. कण सांडू नका."

आणि गेल्या.

दादा ताट मांडीवर घेऊन बसले. आई सवयीनं पदर पुढं करून उभी राहिली, गाईकडे नेण्यासाठी. दादांनी नाही अशी मान हलवली. हा प्रसाद नव्हता, यात त्यांना मोजलं होतं. मुठीतले दाणे त्यांचं नाव घेऊन दळले होते. आणि दुसरीकडे साक्रीची मंडळी होती, रविवारी आमच्याकडे बसणारी कारखान्यातली माणसं होती, देवाचा शब्द पाळून काढलेलं दादांचं सारं आयुष्य होतं. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. मी तो चेहरा नीट ओळखला, कारण गेलं वर्षभर तो माझा होता.

मग दादा उठले. ज्या खिडकीसाठी ते दर रविवारी आईशी भांडत, ती त्यांनी स्वतःच्या हातानं लावली, कडी नीट बसली का ते ओढून पाहिलं, आणि खाली बसून रोट खाल्ला. ताटातला शेवटचा कणही त्यांनी बोटानं टिपला.