मोटर कोणी लावली

पुण्याच्या एका कंपनीसाठी मी घरी बसून दिवसभर दुसऱ्यांच्या कोडमधली बटणं दुरुस्त करते. घरचं बटण मात्र कधी उघडून पाहिलं नाही. ते लहान भावानं केलं होतं आणि "ताई, तू मधात पडू नको" असं त्यानं आधीच बजावलं होतं.

आमचं शेत किन्हीराजाच्या शिवारात, घरापासून बरंच दूर. भावानं विहिरीवरच्या स्टार्टरला एक छोटा बोर्ड बसवला आणि मोबाईलवर एक पान केलं. पान उघडा, हिरवं बटण दाबा, मोटर चालू. बाबांचा हेलपाटा वाचला. मायही शिकली. पुढे शेतातली लाईट आली की नाही, हेही तो त्याच पानावर दाखवू लागला. लाईटचा आमच्याकडे काही भरवसा नाही, म्हणून माय उठता-बसता ते पान उघडून पाहायची.

एका दुपारी लाईट नव्हती, तेव्हा बाबा पंपाची गळती काढायला बसले. पाणी झिरपू नये म्हणून पंपाच्या फिरत्या दांड्याभोवती, शाफ्टभोवती, दोरी भरत होते, तेवढ्यात लाईट आली आणि मोटर सुरू झाली. गळ्यातला दुपट्टा आत ओढला गेला. पटकन सोडून दिला म्हणून वाचले. घरी येऊन त्यांनी हे सांगितलं.

"मेन स्विच काहून नाही पाडला?" मी त्यांच्यावरच ओरडले. रडू येत होतं म्हणून ओरडले.

"मी आता त्या मोटरीजवळ जात नाही," बाबा म्हणाले.

"बोर्डच खराब हाय. दुसरा मांगवतो," भाऊ म्हणाला.

"बोर्डले काय मोटर लावाची हौस आली?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. लॅपटॉप त्याच्याकडून ओढूनच घेतला.

चूक एका ओळीत होती. बटण दाबल्यावर कोणतं काम करायचं, एवढंच तिथं सांगून ठेवायचं असतं. यानं ते काम तिथंच करायला लावलं होतं. म्हणजे पान उघडलं की मोटर लागणार, बटणाला बोट लागो न लागो. आधी आम्ही पान उघडायचोच मोटर लावायला आणि लाईट पाहणं नुकतंच सुरू झालं होतं, त्यामुळे घरबसल्या कोणाला कळलं नाही. नवीन पोरं ही चूक हमखास करतात आणि ऑफिसच्या कामात मी ती हसत दुरुस्त करते. त्या दिवशी भावाला नाही नाही ते बोलले.

काम तिथंच करायला लावणारे दोन कंस त्या ओळीतून काढले. शेतात जाऊन बाबांना लांब उभं केलं आणि पान पुन्हा पुन्हा उघडून पाहिलं. मोटर गप्प. बटण दाबलं तेव्हाच लागली.

संध्याकाळी भावाला हे समजावत होते. भाकरी थापता थापता माय थांबली.

"म्हंजे त्या दिवशी मीनं पान पाह्यलं, म्हून?"

"तू नाही, यानं केलं," मी म्हणाले. तिनं मान हलवली आणि भाकरी तव्यावर टाकली.

पान आता नीट चालतं. बाबाही मोटरीजवळ जातात. पण लाईट पाहायच्या आधी माय रोज त्यांना फोन लावते. "कुठी हा तुमी? हात दूर घ्या," म्हणते, आणि ते "घेतले" म्हणेपर्यंत पान उघडत नाही.