अड्याळ ते विमानतळ

मस्कतच्या दवाखान्यात नर्सची नोकरी लागली आणि मी अड्याळहून निघाले, तेव्हा सोडायला बाबा आले होते. गावातून भंडारा, भंडाऱ्याहून नागपूर, तिथून ऑटो. विमानतळाच्या दारात शिपायाने त्यांना अडवलं. तिकिटाशिवाय आत जाता येत नाही, हे त्यांना माहीत नव्हतं. "काहून रडून राहिली? केव्हाही ये, मी घ्याले येतो," म्हणाले आणि काचेबाहेर उभे राहिले.

चार वर्षांनी धाकट्या भावाचा, अशोकचा, फोन आला. बाबा गेले होते. "उद्या चारपर्यंत थांबवतो ताई. ऊन लय हाये, त्याच्यापुढं नाही जमणार."

मुंबईमार्गे नागपूरला उतरले तेव्हा अकरा वाजले होते. पाच तास हातात होते. पण अड्याळचं नाव ऐकलं की टॅक्सीवाले मान हलवायचे. "उधर से वापसी की सवारी नहीं मिलती, मॅडम." माझे वडील गेलेत, हे मी तिघांना सांगितलं. चौथ्याला सांगवेना. ऑटोने बसस्टँड गाठलं, बस मिळाली. मौद्याजवळ रस्त्याचं काम, दीड तास गाडी जागची हलली नाही. भंडाऱ्याला पोहोचले तर अड्याळवरून जाणारी पवनीची बस नुकतीच निघून गेलेली.

साडेपाचला सरळ घाटावर गेले. चिता अर्धी जळाली होती. मी गावासमोर अशोकवर ओरडले, "अजून थोडं थांबता नाही आलं तुला?" तो चितेची लाकडं सारत राहिला. नंतर कितीतरी वर्षं आम्ही कामापुरतंच बोललो.

यंदा धान कापणीच्या दिवसांत आले. आता मोठा रस्ता झालाय, उड्डाणपूल झालेत. फोनवरून बोलावलेली टॅक्सी विमानतळावरून थेट अंगणात आली. दोन तासही लागले नाहीत. आई तांदूळ पाखडत होती.

"इतक्या लवकर येता येते आता?" तिने विचारलं, आणि सूप खाली ठेवून रडू लागली.

संध्याकाळी अशोक माझ्याजवळ येऊन बसला. "साडेचारपर्यंत थांबवलं होतं, ताई. लोकं आयकत नव्हते. उचलाच्या आधी बाबाच्या कानात सांगितलं, ताई येऊन राहिली म्हून."

हे मला माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं. त्याचा हात हातात घेऊन मी खूप रडले.

मस्कतला कोणी विचारतं, तुझं घर कुठं. पूर्वी मी गावाचं नाव सांगायची. आता सांगते, माझा भाऊ अड्याळला असतो.