लाडकुंवर अक्कांच्या गच्चीवरची टिटवी

नरडाण्याच्या आमच्या गल्लीत लाडकुंवर अक्कांचा असा दरारा आहे, की भटकी कुत्रीसुद्धा त्यांच्या ओट्याला वळसा घालून जातात. वय एकाहत्तर. यजमान भिकमचंद किराणा दुकान चालवतात, पण शब्द चालतो अक्कांचाच. घरात मारवाडी, गल्लीत अहिराणी, आणि मी शाळेत शिकवते म्हणून माझ्याशी मुद्दाम पुस्तकी मराठी. त्यात आदर किती आणि थट्टा किती, हे मला अजून कळलेलं नाही.

गल्लीतले सगळे पापड अक्कांच्या गच्चीवर वाळतात. यंदा एप्रिलात त्या वर गेल्या आणि पदर सावरत पळतच खाली आल्या. बांधकामातून उरलेल्या खडीत टिटवीने चार अंडी घातली होती, आणि ती थेट अक्कांच्या अंबाड्यावर झेपावली होती. अक्कांना कोणी हुसकावल्याचं आम्ही पहिल्यांदाच पाहिलं. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

"अंडी बाजूला ठेवू," शेजारची कुंदाबाई म्हणाली. अक्का तिच्यावर उखडल्या. "तिनं बायतपन चालू शे! वर कोनी जावानं नही!"

टिटवीचं बाळंतपण उरकेपर्यंत पापड अडले. अक्का मात्र रोज एका हाताने डोक्यावर परात धरून वर जायच्या, दुसऱ्या हाताने पाण्याचं भांडं सरकवून पळ काढायच्या. टिटवी त्या पाण्यात पोट भिजवून अंड्यांवर बसते, हे त्या इतक्या कौतुकाने सांगायच्या, की सूनबाई रिद्धीने एकदा तोंड वळवून हसून घेतलं.

मे महिन्यात पिल्लं निघाली. दुसऱ्याच सकाळी ती तुरुतुरु चालत गच्चीच्या कडेला आली. आईबाप समोरच्या शेतातून हाका मारत होते. पिल्लांना उडता येत नव्हतं आणि खाली सिमेंटचा ओटा होता. धरायला वर जावं, तर ती बिचकून पडणार. अक्कांचा चेहरा उतरला.

मग त्या आत गेल्या आणि लग्नातली बांधणी घेऊन आल्या. रिद्धीला कधी हात लावू न दिलेली ती साडी अक्का, रिद्धी, कुंदाबाई आणि मी अशा चौघींनी ओट्यावर ताणून धरली. एक पिल्लू टपकलं, दुसरं, तिसरं. चौथं काही हलेना. अर्धा तास गेला. अक्कांनी साडीचं टोक घट्ट धरलं होतं. "नका सोडू वं," एवढंच त्या म्हणत राहिल्या.

शेवटी तेही कापसाच्या बोंडासारखं अलगद साडीत पडलं, साडी खाली टेकवताच उठलं आणि शेताकडे धावलं. अक्का ओट्यावर बसून हसत हसत रडल्या. आम्हीही रडलो, आनंदानेच.

दुपारी त्यांनी बाळंतपण सुखरूप झालं म्हणून गल्लीभर साजूक तुपातला शिरा वाटला. नुकताच गावाहून परतलेला गल्लीतला रतिलाल रिद्धीकडे बघत गोंधळून म्हणाला, "अक्का, नातू शे का नात?"

"ते काय ठाऊक नही, भाऊ," अक्का म्हणाल्या, "पन चारी चालाले लागनात!"