पुस्तकातल्या बाईची ओटी

इकडं सरक गं बाळे, कान दे. तू लांब पुण्यात बसून वाचणार म्हणून मी रागवायची राहीन असं समजू नकोस. परवा फोनवर म्हणालीस, "आज्जी, कादंबरीतली माणसं मला भेटणाऱ्या माणसांपेक्षा खरी वाटतात." अन् कौतुकानं सांगत होतीस. कौतुक कसलं त्यात? मलाही तसंच वाटायचं. त्या वाटण्यापायी मी एका बाईचं वाटोळं होऊ दिलं. ऐक आता.

दुष्काळाचं साल होतं. गेवराईकडच्या आमच्या गावात दूध सोसायटीनं माळावर जनावरांची छावणी घातली होती. वर हिरवी जाळी, खाली दावणी, अन् जनावरामागं घरचं एक माणूस मुक्कामाला. बहुतेक आम्ही बायकाच. सकाळी पाण्याचा टँकर, मग चाऱ्याला उसाचं वाढं, अन् दुपारी काहीच नाही. जनावरांनी रवंथ करायचं, आपण त्यांच्या तोंडाकडं बघायचं. मी शाळेत न जाता आपली आपण वाचायला शिकलेली. म्हणून बीडच्या वाचनालयातनं एक जाड कादंबरी आणवली अन् रोज दुपारी मोठ्यानं वाचायला लागले. तिच्यात नवऱ्यानं टाकलेली एक बाई होती. टँकरपाशी एकमेकींच्या घागरी लाथेनं उडवणाऱ्या बाया तिच्यासाठी डोळ्याला पदर लावून बसायच्या.

चार खुंटे सोडून माझी धाकटी जाऊ बसायची. माझ्या दिरानं तिलाही टाकलं होतं, घरात दुसरी आणली होती. तिचं माहेर चकलांब्याकडं, पण तिथं कुणी उरलं नव्हतं. माहेरच्या एका गाईच्या दुधावर तिची चूल पेटायची. शुक्रवारी छावणीतल्या बाया एकमेकींना हळदीकुंकू लावायच्या. तिच्यापाशी आल्या की करंडा झाकून पुढं जायच्या.

खरं सांगते, मला ती आवडत नव्हती. तोंड फाटकं, मिश्रीनं दात काळे. माझ्या घागरीतलं पाणी न विचारता घ्यायची, वर म्हणायची, "तुमाला काय कमी हाय?" पुस्तकातल्या बाईनं माझ्या घागरीला कधी हात लावला नाही. शिवाय तिच्या मनात काय चाललंय ते पानावर लिहिलेलं असायचं. जावेच्या मनातलं मला कोण लिहून देणार? विचारावं लागलं असतं. मी विचारलं नाही.

एक दिवस वाचता वाचता ती पुस्तकातली बाई सासरचा उंबरा ओलांडायला निघाली. तशी आमच्यातली एक म्हातारी म्हणाली, "थांब अक्का, पुढं वाचू नको. सवाष्ण बाई मोकळ्या ओटीनं जाती का?" उठली, पोत्यातनं पसाभर जोंधळे आणले, एक सुपारी आणली, अन् सगळं उघड्या पानावर ओतलं. मग दुसरी आली, तिसरी आली. पानाला हळदकुंकू लागलं. वाचनालयाचं पुस्तक, पण मला भरून आलं. आपण किती मऊ मनाच्या बाया, असं वाटलं.

जाऊ लांबून बघत होती. म्हणाली, "भरा की. कागदाला वाढं लागत न्हाई, पाणी बी लागत न्हाई. बरी हाय ती."

"हिचं तोंड बघा," म्हातारी म्हणाली. "म्हनून टाकली."

दुसऱ्याच दिवशी सोसायटीचा चेअरमन यादी घेऊन आला. चारा पुरत नव्हता, आता फक्त सभासदांचीच जनावरं राहणार होती. जावेच्या घरचा सभासद म्हणजे माझा दीर. तो समोर तंबाखू मळत उभा होता. म्हणाला, "माजी जनावरं पलीकडं हायेत. ही गाय माजी न्हाई, अन् ही बाई बी माजी न्हाई."

चेअरमननं आमच्याकडं पाहिलं. "गाय हिची हाय अन् ही याच गावची हाय, असं दोन सभासदांनी लिहून दिलं तर ठेवतो. तुमी बाया सभासद हायेत. कोण देतंय?"

कालची म्हातारी म्हणाली, "अक्कानं सही करावी. मंग मी अंगठा देते."

सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. दीरही. आमचं घर एक, विहीर एक, रोज उठून त्याचं तोंड बघायचं. मी म्हणाले, "चष्मा न्हाई आणला. वाचल्याबिगर सही कशी करू?"

चष्मा माझ्या नाकावर होता. मांडीवर पुस्तक होतं.

 जाऊ तेवढी हसली. "ऱ्हाऊ द्या चेअरमनसाहेब. जाऊबाईला बारीक अक्षर दिसतंय, एवढी मोठी गाय दिसत न्हाई." तिनं दावं सोडलं अन् भर उन्हात गाय घेऊन निघून गेली. त्याच आठवड्यात बाजारात गाय व्यापाऱ्याच्या हाती गेली. जाऊ ऊस तोडायला टोळीबरोबर परमुलखात गेली.

त्या दुपारी बाया मला म्हणाल्या, "अक्का, पुढं काय झालं तिचं?" तिचं म्हणजे पुस्तकातलीचं. मी पुस्तक उघडलं अन् वाचलं. रडले बी. त्या रडण्याची मला अजून किळस येते.

आता जाऊ परत येऊन गावाबाहेर पत्र्याच्या खोलीत राहते. थकली आहे. मी दिसले की दार लावून घेते. तू लिही लिही म्हणालीस, म्हणून मी वहीत तिचं लिहायला घेतलं, तर चार पानांत तिची जीभ गोड झाली, अन् पाचव्या पानावर ती मला माफ करायला निघाली. मी वही मिटली. तिनं मला माफ केलेलं नाही, करणारही नाही.

म्हणून म्हणते, दिवाळीची वाट बघू नकोस, याच आठवड्यात ये. तिच्या दारात एकटी जा, माझी नात म्हणून सांग, लपवू नकोस. ती हाकलून देईल. दुसऱ्या दिवशी परत जा. मी जे विचारलं नाही ते तू विचार, अन् ती शिव्या देईल त्यासुद्धा जशाच्या तशा मला येऊन सांग. तोवर मी वहीला हात लावत नाही. लवकर ये गं.