करंजी घाटात एल

क्लच नसलेली गाडी ही गाडीच नव्हे, असं आमच्या घरात ठरलं होतं. ठरवणारे सगळे दोन धडधाकट पायांचे. माझा डावा पाय लहानपणी पोलिओनं अधू झालेला. दिरांची जीप मला कधीच जमणार नव्हती. ही बिनक्लचची जमत होती. एवढी साधी गोष्ट कुणी ऐकून घेत नव्हतं.

मायदेशी निघालेल्या एका परदेशी डॉक्टरांकडून मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, ती हौसेनं घेतली होती. स्टीअरिंग डावीकडं, त्याच्याच दांड्याला गिअरची काडी. पुढं जायला दोन खुणा, डी आणि एल. डॉक्टरीणबाईंनी जाण्याआधी मला शिकवून ठेवलं. रोजच्या रस्त्याला डी. मोठ्या चढाला आणि उताराला एल, पण उतरताना आधी वेग कमी करायचा, मग काडी ओढायची. आणि डावा पाय कशालाच लावायचा नाही. आमचे ड्रायव्हर इथंच फसायचे. क्लच शोधत डावा पाय ब्रेकवर आपटायचे आणि मागं बसलेल्यांची नाकं पुढच्या सीटवर. एकही टिकला नाही. त्यात पेट्रोल महागलं. मामंजींनी केडगावचं गिऱ्हाईक पाहिलं.

"सोमवारी येतोय तो. पाथर्डीचं लग्न उरकू, मग देऊन टाकू."

"लग्नाला मी नेते गाडी," मी म्हटलं. "सगळे धड परत आले, तर विकायची नाही."

"बघू," मामंजी म्हणाले. मी त्याचा अर्थ 'हो' असा घेतला.

निघताना धाकटे दीर माझ्या शेजारी येऊन बसले. ते साखर कारखान्याची जीप चालवत. "वहिनी, ही काय गाडी व्हय? शिवणाचं मशीन हाय नुसतं. पाय ठिवला की पळतंय."

"मग तुम्हाला का नाही जमलं, भाऊजी?"

मागच्या सीटवर मामंजींशेजारी सासूबाई पदरात हसल्या.

करंजी घाटाच्या माथ्यावर मी वेग कमी केला, काडी एलवर ओढली. इंजिन घोंघावलं आणि गाडी स्वतःच स्वतःला धरून उतरू लागली. ब्रेकला पाय लावायचीही फारशी गरज नव्हती.

"गाडी रडतीय लई! उतारावर न्यूट्रल करा. फुकटात जाईल."

"राहू द्या."

"आमी रोज जातो असंच. सगळे ट्रकवाले जातात." आणि मी काही म्हणायच्या आत त्यांनी हात लांबवून काडी न्यूट्रलला सरकवली.

आवाज एकदम थांबला. एवढी जड गाडी मोकळी सुटली. मी ब्रेक दाबला, वेग पुरेसा उतरेपर्यंत दाबून धरला आणि काडी परत एलवर आणली. ब्रेकचा जळका वास आत आला.

"हात मांडीवर ठेवा भाऊजी, नाहीतर इथंच उतरा. लग्नाला चालत या."

पुढच्याच वळणावर मेंढरं. रस्ता भरून. धनगर हाताचा नुसता पंजा दाखवत उभा. त्याच्यापासून चांगली गाडीभर जागा सोडून आम्ही थांबलो. मेंढरं संपेपर्यंत मी मागं वळून पाहिलं नाही. शेवटी मामंजींचा आवाज आला, "धाकल्या, तू मागं ये. मी बसतो पुढं."

परतीच्या चढाला ते काडीकडं बघत होते. "आता कुठली खूण?"

"एल. माथ्यावर डी."

सोमवारी गिऱ्हाईक आलं. मामंजींनी त्याला चहा पाजला आणि गाडी घरालाच लागते म्हणून सांगितलं. तो चिडला; एवढ्या लांब फुकट बोलावलं म्हणाला. मी किल्ली उचलली.

"चला, केडगावला सोडते," मी म्हटलं.

बसायला तो का-कू करत होता. शेवटी बसला, आणि सारा रस्ता दार धरून होता.