खाजेवाल्यांची साखर

कुणीही समोर आलं की ते आधी जीभ बाहेर काढून दाखवायचे. "बघ. बरी बघून घे. आसा खंय गुळाचो डाग?" नमस्कार-चमत्कार मागाहून. पोस्टमन असो, शाळेचे हेडमास्तर असोत, नाहीतर लग्नाची पत्रिका द्यायला आलेले पाहुणे असोत, प्रत्येकाला त्यांची जीभ बघावी लागायची. ज्याला मधुमेह आहे आणि ज्याचा धंदाच मुळी खाजं करून विकण्याचा आहे, त्याने दुसरं करावं तरी काय, तुम्हीच सांगा.

मी तेव्हा मालवणात एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होतो. स्वातंत्र्याला दहा-बारा वर्षं झालेली, जिल्हा अजून रत्नागिरीच. साखरेचं दुखणं हे मुंबईच्या शेठजींना होतं, आपल्यासारख्यांचं ते काम नव्हे, अशी आमच्याकडे समजूत होती. त्यामुळे ते त्यांना झालं तेव्हा आळीला थोडा अभिमानच वाटला. त्यांचं नाव सांगत नाही. सगळा किनारा त्यांना खाजेवाले म्हणायचा, मीही तेच म्हणेन.

खाजं तुम्हाला माहीत असेलच. बेसनाची बोटभर जाड शेव तळायची आणि आलं घातलेल्या गुळाच्या पाकात घोळवायची. आमच्याकडे जत्रेहून रिकाम्या हाताने आलेल्या माणसाला घरात कुणी पाणी विचारत नाही, खाजं हवंच. आणि खाजं म्हणजे यांचंच. मी एकदा खवचटपणे विचारलं, "काका, पाक न चाखता कळतो कसा हो?" त्यांनी पळीतला एक थेंब गार पाण्यात टाकला, गोठल्यावर उचलला आणि वाटीवर आपटला. टण् आवाज आला. "पाक जिभेन नाय, कानान समाजता," म्हणाले, "तुमका शिकलेल्यांका ता कळाचा नाय."

दर सोमवारी बाजाराला जायच्या आधी ते लघवीची बाटली घेऊन यायचे. बाटली खोबरेल तेलाची, वर वर्तमानपत्राचा कागद, आणि ती खाज्याच्या टोपलीतच एका कोपऱ्यात. "काका, टोपली तरी वेगळी करा," असं मी शंभर वेळा सांगितलं असेल. रक्त तपासायची सोय आमच्याकडे नव्हती. काचेच्या नळीत निळं औषध घ्यायचं, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळं राहिलं तर साखर नाही, हिरवं झालं तर थोडी आहे, पिवळं झालं तर सांभाळा, आणि विटेसारखं लाल झालं की डॉक्टरांना हाक मारायची. खाजेवाल्यांची नळी बहुधा हिरवी असायची. एखाद्या सोमवारी निळी राहिली तर ती माझ्या हातातून घेऊन बाकावरच्या सगळ्या पेशंटांना दाखवून यायचे. खोकल्याचे, तापाचे, खरजेचे, सगळे बिचारे माना डोलवायचे.

एका वर्षी दिवाळी सरली, जत्रांचे दिवस तोंडावर आले, आणि नळी लाल झाली. मला वाटलं औषध बिघडलं. दुसरी बाटली फोडली, पुन्हा उकळलं. पुन्हा वीट. डॉक्टरांनी चष्म्यावरून बघितलं आणि विचारलं, "काय खाल्लंत?"

"काय नाय. देवाशप्पत."

"काही न खाता असा रंग येत नाही."

पुढच्या सोमवारी लाल. त्याच्या पुढच्याही सोमवारी लाल. डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या, भात कमी केला, तरी लाल. मग बातमी फुटली. फोडली मीच, उगाच खोटं कशाला बोलू? बाजारात मासे घेता घेता बोलून गेलो. दोन दिवसांत पोरंटोरंसुद्धा त्यांना "काका, कितको खाल्लास?" म्हणून चिडवायला लागली.

घरी काकी होत्या, म्हणजे त्यांची बायको. काकी उंच, दणकट, आवाज बंदरापर्यंत जाणारा. त्यांनी खाज्याच्या डब्यांना काथ्या बांधला आणि त्याला माहेरची गाठ मारली. माहेर होडीवाल्यांचं, त्यामुळे ती गाठ खाजेवाल्यांच्या बापाला सुटली नसती. शिवाय नवरा कढईपासून उठला की त्या त्याच्या मिशा हुंगायच्या. "शिरा पडो त्या जिभेर," म्हणायच्या, "माका रांडाव करूक बसली हा." काकींचं बोलणं ऐकून हसू यायचं, पण बोलताना त्यांचे डोळे भरलेले असायचे.

एवढ्यावर थांबतील तर त्या काकी कसल्या! त्यांनी देवळात गाऱ्हाणं घालायला लावलं. आमच्याकडे कसलंही संकट आलं की गावकरी देवापुढे उभं राहून ते मोठ्याने सांगतो आणि जमलेले सगळे होकार भरतात. नारळ ठेवला गेला. गावकऱ्याने खणखणीत आवाजात सुरू केलं, "बा देवा म्हाराजा! ह्या तुझ्या लेकराक साखरेचा दुखणा लागला हा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्येची जीभ ह्येच्या ताब्यात ऱ्हवाक व्हयी, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

त्या गर्दीत सर्वात मोठा आवाज कुणाचा होता सांगू? खाजेवाल्यांचाच. हात जोडून, डोळे मिटून ते स्वतःच्या जिभेविरुद्ध होकार भरत होते. आम्ही तोंडं फिरवून हसलो. आज ते हसू आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

याच सुमाराला त्यांनी जीभ दाखवणं बंद केलं. समोर आले तर ओठ घट्ट मिटून नुसती मान हलवायचे. आम्हाला वाटलं, आता चोर सापडला. डॉक्टरांना मी तसं सांगितलंही. डॉक्टर भले, पण तेही कंटाळले होते. त्यांनी शेवटचं सांगून टाकलं, "या सोमवारीही लाल आली तर कढई बंद. कायमची. मी काकींना तसं सांगणार आहे, आणि त्या ऐकतील."

खाजेवाले पांढरे पडले. वडिलांच्या हातची कढई होती ती. त्यांना मूलबाळ नव्हतं. होती ती कढई, काकी आणि वर्षाच्या जत्रा. दाराशी माझ्या जवळ येऊन हळूच म्हणाले, "कढय गेली तर मी करू काय रे? घरात बसान माशे मारू?"

मला दया आली. मी म्हटलं, "काका, एक करा. या सोमवारी काकींची बाटली आणा. काकींची नळी निळी येईल, हंगाम तरी निघेल." मी थट्टेत म्हटलं होतं की खरंच, ते आता मलाही सांगता येणार नाही.

त्यांनी टोपली खाली ठेवली. "माझा ता माझा," म्हणाले. "तांबडा तर तांबडा." आणि टोपली उचलून चालते झाले. मी तिथे खजील होऊन उभा राहिलो.

सोमवारच्या आदल्या दिवशी मिठबावच्या बाजूला एक जत्रा होती. शनिवारी संध्याकाळी काकी माझ्या दारात. "बाबा, तू त्यांच्या वांगडा जा. दिवसभर नजर काढू नको. काय खातत ता बघ आणि माका येवन सांग. खरा ता सांग." काकींना नाही म्हणायची छाती कुणाची? रविवारी सकाळी मी एसटीत त्यांच्या शेजारी जाऊन बसलो. का आलो ते त्यांना न सांगता समजलं. त्यांनी सरकून जागा दिली, एवढंच.

दिवसभर त्या माणसाने खाज्याचा एक कण तोंडात टाकला नाही. मी पापणी मिटली नाही म्हटलं तरी चालेल. लोक झुंबड करून येत होते, हे तराजू धरत होते, हसत होते. पण हसणं अर्ध्याच तोंडाने. दुपारी काकींनी दिलेली भाकरी तशीच ठेवली. बिनसाखरेचा चहा घेतला, तोही मान डावीकडे कलती करून, थेंब थेंब. मग गिऱ्हाईक जरा ओसरलं. मी पाठ फिरवल्यासारखं केलं, आणि हळूच वळून बघतो तर त्यांनी गार पाण्याने भरलेला तांब्या उजव्या गालाला दाबून धरला होता. डोळ्यांतून पाणी गळत होतं.

"काका, तोंड उघडा."

मानेनेच नाही म्हणाले.

"उघडा म्हणतो ना!"

जेमतेम बोटभर उघडलं. आतला वास आला तेव्हाच मला कळलं. उजवीकडची मागची दाढ किडून गेली होती, हिरडी टम्म सुजली होती, बाजूने पू. मला स्वतःचीच दाढ ठणकल्यासारखं झालं.

"कधीपासून?"

"दोन म्हयने होतीत."

"आणि सांगितलं नाहीत?"

"काय म्हणान सांगू?" ते म्हणाले. "खाजेवाल्याची दाढ किडली. सगळी काय म्हणाली असती? बघा, ग्वाड खावन किडली. आदीच कोण विश्वास ठेवना नाय." लवंगा चावून चावून दोन महिने काढले होते या माणसाने. रात्रीची झोप नाही, वर गावभर बदनामी, आणि कढई जाण्याची धास्ती.

मी त्यांना तसंच एसटीत घातलं आणि थेट डॉक्टरांच्या घरी नेलं. जेवणावरून उठून डॉक्टरांनी बॅटरीने तोंडात बघितलं आणि कपाळावर हात मारला. आधी चार दिवस पेनिसिलीनची इंजेक्शनं, मग दाढ काढली. दाढ निघाली तेव्हा काकी बाहेरच्या बाकावर होत्या. डॉक्टर बाहेर आले आणि भरल्या दवाखान्यात सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "यांनी काही खाल्लेलं नाही. आत पू होता, ठणका होता, वरून काळजी. असं झालं की अंगाला वाटतं काहीतरी आकांत आलाय, आणि अंग आपली साठवलेली साखरच रक्तात सोडतं. साखर जिभेने चढत नव्हती. दुखण्याने चढत होती आणि आपल्या सगळ्यांच्या बोलण्याने चढत होती. चूक माझी आहे."

डॉक्टर पेशंटांसमोर चूक कबूल करतो हे मी आयुष्यात एकदाच पाहिलं. खाजेवाले तोंडात कापसाचा बोळा धरून उभे होते, बोलता येत नव्हतं. बोलल्या त्या काकीच. "दोन म्हयने माझ्या बाजूक निजलास आणि दुखता म्हणान माका सांगूक नाय?" नवऱ्याला त्या चारचौघांत अहो-जाहो करायच्या, त्या दिवशी त्याचंही भान राहिलं नाही. पदर तोंडाला लावून हमसाहमशी रडल्या. मग तिथल्या तिथे उठल्या, घरी गेल्या आणि डब्यांचा काथ्या विळ्याने कापून टाकला. त्यांचीच गाठ, पण त्या दिवशी त्यांनाही सुटली नाही.

दोन सोमवारांनी नळी पिवळी, मग हिरवी, मग निळी. तो हंगाम त्यांचा असा काही गेला की विचारू नका. "कितको खाल्लास" म्हणणारी पोरं सकाळपासून रांग लावून उभी. डॉक्टर स्वतः जत्रेला आले आणि लोकांदेखत उभ्याउभ्या खाजं खाल्लं.

पुढे तीन-चार वर्षांनी काकींनाही तेच दुखणं निघालं. खाजेवाल्यांना काय आनंद झाला म्हणता! "आता हिच्या मिशा कोण हुंगतलो?" असं म्हणून स्वतःच खो खो हसले. काकींनी पायलीभर शिव्या घातल्या. मग दर सोमवारी दोघं जोडीने यायची. दोन्ही बाटल्या त्यांच्याच हातात, काकी मागून मोकळ्या हाताने. कुणाची नळी जास्त निळी यावर माझ्यासमोर भांडायची आणि भांडत भांडतच बाजाराला जायची.

एका उन्हाळ्यात, जत्रा संपल्यावर, कढई घासून पालथी घालून ते दुपारचे ओटीवर आडवे झाले आणि उठले नाहीत. दुखणं नाही, खुपणं नाही.

तेरावं झाल्यानंतरच्या सोमवारी काकी एकट्या आल्या. बाटली मला दिली आणि बाकाच्या टोकाला बसल्या. मी आठ थेंब टाकले, दिवा लावला. नळी बघता बघता लाल झाली. पूर्वीचा मी असतो तर वळून विचारलं असतं, काकी, काय खाल्लंत?

मी विचारलं, "काकी, खंय दुखता?"

त्यांनी लाल नळीकडे बघितलं. मग म्हणाल्या, "खंय म्हणान सांगू, बाबा? दुखण्याचो जागोच सापडना नाय."

मी दिवा विझवला आणि त्यांच्याशेजारी बाकावर जाऊन बसलो. बाकीचे पेशंट खोळंबले होते. खोळंबू देत म्हटलं.