आधी मी, मग आपण, मग तू!

पहिलीच्या बाईला किस्से शोधावे लागत नाहीत, ते खडूच्या भुकटीसारखे पदराला चिकटून घरी येतात! नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी पाचूबंदरजवळच्या एका शाळेत पहिलीवर होते. संध्याकाळी एव्हरशाईन सिटीतल्या घराचं दार उघडलं की नवरा विचारायचा, "बोला सावंत बाई, आज काय?" चपला काढायच्या आत माझं सुरू!

त्यातले निम्मे किस्से एकाच वर्षातले. त्या वर्षी आमच्या मुख्याध्यापिका लोपीस बाई कुठलंसं प्रशिक्षण घेऊन आल्या आणि एकदम पेटल्याच. वाचन नीट दाखवून, पायरी-पायरीने शिकवायचं. आधी बाईंनी वाचून दाखवायचं, मग सगळ्यांनी मिळून, मग एकेकाने. वर्गात त्याचं झालं, "आधी मी, मग आपण, मग तू!"

पहिल्याच दिवशी त्या स्वतः वर्गात आल्या. "बाळांनो, वाचायला शिकावं लागतं. आता बघा, पोहायला कुणी आपोआप शिकतं का?"

"होऽऽऽ!" सगळा वर्ग ओरडला.

समोर बसलेली सगळी मच्छीमारांची पोरं! लोपीस बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सावंत, तुम्ही शिकवा. मी ऑफिसात आहे."

*

पद्धत मात्र कमालीची लागू पडली! मी फळ्यावर शब्द लिहायचे, लाकडी पट्टी एकेका अक्षराखाली न्यायचे आणि पोरं पट्टीबरोबर वाचायची. पट्टी थांबली की आवाज थांबायचा. मला तर बँडमास्तर झाल्यासारखं वाटायचं.

एकदा वाचन रंगात आलं असताना फळ्याच्या वर एक भलीमोठी पाल आली. मला पालीची भयंकर भीती. तिला हाकलायला मी पट्टी वर नेली, तर अख्खा वर्ग एका सुरात, "पाऽऽल!"

आणि सगळे माझ्याकडे बघत बसले, मी शाबास म्हणायची वाट पाहत.

*

त्या सुरात एक आवाज स्टेलाचा असायचा. दोन वेण्या, टपोरे डोळे, 'मग आपण'ला सगळ्यांत खणखणीत! पण 'मग तू' म्हटलं की पोरगी गप्प. ओठ हलायचे, आवाज नाही. किती गोंजारलं, चुचकारलं, काही उपयोग नाही.

तिचे पप्पा होडीवर, आई बाजारात मासे विकायला. घरात तान्हा भाऊ. पोरगी एकटी वाचत नाही हे कळल्यावर नाताळच्या सुट्टीआधी पप्पा शाळेत आले आणि सरळ म्हणाले, "बाय, पोराला सांभालाया घरात कोन नाय. ईस्टर झाला का मी येतो. एकटी वाचली तर ऱ्हाऊ दे शालेत. नाय तर बस झाली शाला."

पोरीला वाचता येत होतं, मला खात्री होती! पण माझी खात्री त्यांना ऐकू कशी येणार?

*

इकडे आमचं 'आधी मी, मग आपण' गावभर पसरत होतं. एक दिवस केविनची आई तणतणत वर्गाच्या दारात.

"बाय, काय शिकवता पोराना? त्याला सांगतली, जा आंघोल कर. तर मना बोलतो, आधी तू, मग आपुन, मग मी! आता मी काय त्याच्यासंगती नलाखाली बसू?"

मी तोंडाला पदर लावला. केविन मात्र गंभीरपणे म्हणाला, "बाई, ती पहिली पायरीच करत नाही!"

*

याच केविनने तपासणीला आलेल्या साहेबांची तपासणी केली. साहेब कडक इस्त्रीचे. त्यांनी पुस्तक उघडून त्याच्यापुढे धरलं. "हं, वाच."

"आधी तुम्ही," केविन म्हणाला.

साहेब गडबडले. पण पोराची नजर इतकी ठाम, की त्यांनी खरंच वाचलं!

"आता आपण." साहेबांनी त्याच्याबरोबर पुन्हा वाचलं. मग केविनने एकट्याने घडाघडा वाचून दाखवलं आणि वर साहेबांना सांगितलं, "तुम्ही पण छान वाचलं."

साहेब हसत हसत ऑफिसात गेले, शेरा लिहायला पेन काढलं आणि सवयीने लोपीस बाईंकडे पाहिलं. बाई पटकन म्हणाल्या, "नाही हो साहेब, हे तुम्ही एकट्यानेच लिहायचं!"

*

ईस्टर झाला आणि स्टेलाचे पप्पा बोलल्याप्रमाणे आले. पोरांच्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसले. मी तिच्या हातात पुस्तक दिलं, तर म्हणाले, "बाय, ते नको. ते पाठ असंल." आणि खिशातून पेपराचा तुकडा काढला. सकाळचे पाव त्यात बांधून आले होते.

"मना वाचता येत नाय. बरोबर वाचली तर तुमी निस्ती मान हालवा. वाच गो."

स्टेलाचे ओठ हलले, आवाज नाही. पप्पांनी एकदा दाराकडे पाहिलं.

तेवढ्यात ती त्यांच्या शेजारी बाकावर चढून बसली. बोट कागदावर ठेवलं आणि माझ्याच सुरात म्हणाली, "आधी मी."

"जुने... कपाट... विकणे... आहे."

पप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, नुसती नाही, दहा वेळा हलवली असेल!

"आता आपण," स्टेला म्हणाली. पप्पांचं जाडजूड बोट धरून तिने पहिल्या अक्षराखाली ठेवलं. ते इकडेतिकडे बघत पुटपुटले, "जुने... कपाट... विकने..."

"मोठ्याने!"

ते मोठ्याने म्हणाले.

"आता तू."

पप्पांचे कान लाल झाले. बोट तिथेच. मागून सगळा वर्ग ओरडला, "आता तूऽऽ!"

त्यांनी त्या कागदाची नीट घडी घालून खिशात ठेवली, उठले आणि मला विचारलं,

"बाय, उद्या शाला कवा भरते? आमी दोघा येतो."